डोळा घडून जातो, मग नोंद होते

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा
आणि
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली

विषय : गर्भाचे पहिले आठवडे, दारू आणि बाळाचे डोळे

महोदय,

गरोदर बाईची नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली की गावातली आशाताई आणि उपकेंद्रातली आरोग्यसेविका दोघींचाही जीव भांड्यात पडतो. मासिक अहवालातला तो रकाना भरलेला दिसतो आणि वरून विचारणा होत नाही. रकाना महत्त्वाचा आहेच. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस हे सगळं त्या नोंदीपासून सुरू होतं. पण त्याच बारा आठवड्यांत पोटातल्या बाळाचा डोळा जवळपास घडून गेलेला असतो. दारूबद्दल तिला कुणी विचारलंच, तर ते त्यानंतर. हे खुलं पत्र त्या उशिराबद्दल आहे.

हिशोब अवघड नाही. दवाखान्यात आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे कार्डावरचा बारावा आठवडा हा गर्भाचा दहावा. आता डोळ्याकडे पाहू. पुढे मेंदू होणाऱ्या पट्टीच्या टोकाला, दोन्ही अंगांना, दोन उथळ खाचा पडतात, त्या गर्भाच्या बाविसाव्या दिवसाच्या सुमाराला. डोळ्याची ही पहिली खूण. पाळी चुकून तेव्हा जेमतेम आठवडा झालेला असतो. ‘चार दिवस मागंपुढं होतंच की’ म्हणून बाई कामाला लागते, तेच हे दिवस. चौथ्या आठवड्यात खाचा फुगून बाहेर येतात आणि वरच्या कातडीला टेकतात. जिथे टेकतात तिथली कातडी जाड होते आणि तिचंच पुढे भिंग होतं. मागचा फुगा आत दबून दुपदरी पेला तयार होतो. त्याच्या आतल्या पदराचं दृष्टिपटल होतं, ज्याला आपण डोळ्याचा पडदा म्हणतो. पेल्याच्या खालच्या अंगाला एक चीर असते. तिच्यातून रक्तवाहिनी आत शिरते आणि सातव्या आठवड्याच्या आसपास ही चीर मिटते. नाही मिटली, तर बुबुळात किंवा पडद्यात खालच्या बाजूला कायमची खाच राहते. दहाव्या आठवड्यापर्यंत पापण्या तयार होऊन एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या उघडतात थेट सहा महिने उलटल्यावर.

थोडक्यात, आशाताई कार्ड भरते तेव्हा आतला डोळा पापण्या मिटून बसलेला असतो.

या काळात आईच्या पोटात गेलेली दारू वारेत अडत नाही. रेणू इतका लहान की तो सरळ पलीकडे जातो आणि थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातलं प्रमाण आईइतकं होतं. आईचं यकृत दारूचा निचरा करतं. गर्भाला ते अजून जमत नाही. गर्भजलात उतरलेली दारू तिथेच रेंगाळते आणि गर्भ त्यातच तरंगत असतो.

डोळ्यावरच घाव का बसतो, याचं एक उत्तर आपल्या अंगणवाडीतच सापडतं. पोरांना चमच्यानं पाजतो ते अ जीवनसत्त्व डोळ्यांसाठी असतं, हे कुठल्याही आजीला ठाऊक आहे. गर्भातही त्याचं काम असतंच, फक्त वेगळ्या रूपात. तिथे त्याचं रेटिनॉइक आम्ल बनतं आणि पेशींनी कुठे जायचं, काय व्हायचं, कधी थांबायचं, हे या आम्लाच्या कमी-जास्त प्रमाणावर ठरतं. अडचण अशी की अ जीवनसत्त्वाचं हे रूपांतर करणारी विकरं आणि दारूचं विघटन करणारी विकरं एकाच घराण्यातली. ऐन हंगामात कारखान्याच्या गव्हाणीवर ट्रॅक्टरच्या रांगा लागाव्यात आणि मागे उभी असलेली एकुलती बैलगाडी दोन दिवस तशीच वाळत राहावी, तशी अ जीवनसत्त्वाची गत होते. मागच्या उसाचं नुसतं वजन घटतं. इथे मात्र डोळ्याची वेळ टळते आणि ती पुन्हा येत नाही. हे एकच कारण आहे असं नव्हे. चेहऱ्याची हाडं आणि डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग ज्या स्थलांतरी पेशींपासून होतो, त्या पेशी दारूमुळे मोठ्या संख्येनं मरतात, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे.

हे कळायला माशांची मदत झाली. चार्ल्स स्टॉकर्ड या अमेरिकी भ्रूणशास्त्रज्ञानं १९१० मध्ये समुद्रकाठच्या लहान माशांची अंडी दारू मिसळलेल्या पाण्यात वाढवली. काही पिल्लांचे डोळे बारीक निघाले, काहींना कपाळाच्या मधोमध एकच डोळा आला. आज हेच काम झेब्रा माशावर चालतं. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर हृदयाचं संशोधन होतं. त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक, आणि डोळ्याचा पेला एका दिवसात तयार. त्यामुळे शास्त्रज्ञाला डोळा घडताना आणि बिघडताना सूक्ष्मदर्शकाखाली समोर पाहता येतो. पाण्यात दीड-दोन टक्के इथेनॉल घातलं की डोळे लहान राहतात, पडद्यातल्या पेशी नीट पक्व होत नाहीत, दृष्टिनाडी बारीक होते. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या एका गटानं २०१५ मध्ये दाखवलं की अशा पाण्यात रेटिनॉइक आम्ल किंवा फॉलिक आम्ल मिसळलं तर माशाच्या पडद्याचं नुकसान बऱ्याच अंशी भरून निघतं. यावरून ‘गोळी घ्या आणि प्या’ असा अर्थ कुणी काढू नये. अ जीवनसत्त्वाचं अती प्रमाण स्वतःच गर्भाला घातक असतं.

माणसांत ही गोष्ट उशिरा मान्य झाली. फ्रान्समधल्या नांत शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लेमॉइन यांनी १९६८ मध्ये दारू पिणाऱ्या आयांच्या १२७ मुलांचं वर्णन छापलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये सिअॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तीच लक्षणं पुन्हा मांडली आणि त्यांना नाव दिलं ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’, म्हणजे गर्भावस्थेतल्या दारूमुळे होणारा लक्षणसमूह. वाढ खुंटलेली, डोकं लहान, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांमधली पन्हळ सपाट, आणि डोळ्यांच्या फटी आखूड. निदानाचं एक हत्यार तर साधी मोजपट्टी आहे : डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक यांनी गाभण उंदरीला फक्त सातव्या दिवशी दारू देऊन हाच चेहरा आणि हेच बारीक डोळे पिल्लांत आणून दाखवले. उंदराचा सातवा दिवस म्हणजे माणसाचा साधारण तिसरा आठवडा. आपल्या बारा आठवड्यांच्या रकान्यापासून किती आधी, हे आपणच मोजावं.

डोळ्याच्या आत वाकून पाहिलं ते स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या नेत्रतज्ज्ञ केर्स्टिन स्ट्रोमलँड यांनी. १९८० च्या दशकात त्यांनी अशा मुलांच्या बाहुल्या औषधानं मोठ्या करून पडदे तपासले. दहांतल्या जवळपास नऊ जणांच्या डोळ्यांत काही ना काही दोष निघाला. कुणाची पापणी पडलेली, कुणी तिरळं, कुणाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या. आणि सुमारे निम्म्या मुलांची दृष्टिनाडी जन्मतःच बारीक. एरवी या नाडीत दहा लाखांच्या वर तंतू असतात.

यातली शेवटची गोष्ट, बारीक दृष्टिनाडीची, आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (आरबीएसके) पथकांच्या कामाची आहे. शाळेत तक्ता टांगून नजर तपासली जाते, मुलाला खालच्या ओळी वाचता येत नाहीत, चष्मा मिळतो. चष्मा लावूनही फळा दिसत नाही. मग वर्गातल्या बाई म्हणतात, ‘चष्मा दिलाय तरी लक्ष कुठं असतं याचं?’ भिंगाचा किंवा डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या वळणाचा दोष काचेनं सुधारतो. पडद्यावरचं चित्र मेंदूपर्यंत नेणारे तंतूच कमी असतील, तर जगातला कुठलाही चष्मा ते वाढवू शकत नाही. अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवणं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं देणं, वेळ जास्त देणं एवढंच हाती असतं, आणि तेही निदान झालं तर. महाराष्ट्रातच, पालघरला २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत मोतीबिंदू आहे, बहिरेपणा आहे, दुभंगलेला ओठ आहे. गर्भातल्या दारूचं नाव नाही.

‘पण आपल्याकडे बायका पितात कुठे?’

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ०.४ टक्के जणींनी दारू घेत असल्याचं सांगितलं. पुरुषांत ते प्रमाण १३.९ टक्के होतं. आपल्या दोन जिल्ह्यांत बाईचं व्यसन म्हणजे आधी मिश्री, आणि तिच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. तरी ०.४ या आकड्यावर टेकून बसणं शहाणपणाचं नाही. दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी मुलीला, सासूच्या देखत, ‘हो, घेते’ असं किती जणी सांगतील? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला केवळ व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग चालवावा लागतो, तो उगाच नव्हे. शिवाय पिणाऱ्या बाया दोन टोकांना असतात. एक दिवसभर वीट किंवा खडी वाहून अंग मोडून निघालेली. दुसरी शिकलेली, नोकरी करणारी, शनिवारी मैत्रिणींबरोबर एखादा ग्लास घेणारी, ‘वाईन म्हणजे काही दारू नव्हे’ असं मनापासून मानणारी.

हे वाक्य तिच्या डोक्यात कुठून आलं? २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा हेच वाक्य भल्याभल्यांच्या तोंडी होतं. निर्णय प्रत्यक्षात आला नाही. वाक्य मात्र मागे राहिलं. सांगली जिल्ह्याचा तर याच्याशी घरचा संबंध. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर राज्यात जे वाईन पार्क झाले, त्यांतला एक नाशिकजवळ विंचूरला आणि दुसरा, कृष्णा वाईन पार्क, आपल्या पलूसला. गर्भाला मात्र द्राक्ष आणि मळी यांतला फरक कळत नाही. तेरा टक्क्यांच्या वाईनचा दीडशे मिलिलिटरचा ग्लास म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम शुद्ध इथेनॉल. आठ टक्क्यांच्या कडक बिअरची साडेसहाशे मिलिलिटरची बाटली म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर. उसाच्या मळीतून काढून पेट्रोलमध्ये मिसळतात, तोच हा रेणू.

द्राक्षाच्या मुलखात काय होऊ शकतं, हे पाहायचं तर दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांताकडे पाहावं. तिथल्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मजुरांना मजुरीचा काही भाग वाईनच्या रूपात मिळे. या पद्धतीला तिथे ‘डॉप’ म्हणतात. कायद्यानं ती बंद झाली, सवय उरली. २००० साली तिथल्या एका गावातल्या पहिलीच्या वर्गांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दर हजार मुलांत चाळीसहून अधिक मुलांमध्ये हा लक्षणसमूह आढळला. जगभरचा अंदाज दर दहा हजारांत पंधराच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं की या आकड्याची भीती वाटते. तासगाव-पलूसची गोष्ट वेगळी आहे, हेही सांगितलं पाहिजे. इथलं द्राक्ष मुख्यतः खाण्याचं आणि बेदाण्याचं आणि मजुरी रोख पैशात. पण केपमध्येही सुरुवातीला कुणाला यात वावगं वाटलं नव्हतं.

आणखी एक बाटली घरोघरी असते, तिच्याकडे कुणी दारू म्हणून बघत नाही. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच बनतात. त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि बाटलीवर तसं छापलेलंही असतं. अशोकारिष्ट तर पाळीच्याच तक्रारींवर घेतात. मात्रा लहान, चमच्या-दोन चमच्यांची, त्यामुळे घाबरवून सोडण्याजोगं त्यात काही नाही. पण पाळी लांबली म्हणून अरिष्ट सुरू करणाऱ्या बाईची पाळी गर्भ राहिल्यामुळे लांबलेली असू शकते, एवढं वैद्यांनी आणि औषध दुकानदारांनी ध्यानात ठेवायला हवं.

नवऱ्याला या पत्रातून सोडता येणार नाही. घरात बाटली येते ती बहुतेक वेळा त्याच्या हातून. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दारू पाजलेल्या नर उंदरांच्या पिल्लांतही चेहऱ्याच्या ठेवणीतले बदल नोंदवले आहेत. माणसांत हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्यावर घोषणा उभारू नये. पण ‘बाई गरोदर आहे, तिनं सोडावी’ एवढ्यावर थांबणारा सल्ला अर्धवट आहे, असं म्हणायला उंदरांची गरज नाही.

दारूबद्दल बोलायला हे दोन जिल्हे लाजत नाहीत, ही जमेची बाजू. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. व्यसनमुक्त युवक संघाच्या विलासबाबा जवळ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर जावळी तालुक्यातल्या बाया उभ्या राहिल्या आणि दारूबंदीसाठीच्या ‘आडवी बाटली’च्या मतदानानं त्यांनी दुकानं बंद पाडली. ज्या बायांनी रांगेत उभं राहून बाटली आडवी केली, त्यांना नवरा मारतो, पैसे उडवतो, संसार बुडवतो हे सांगावं लागलं नाही. गर्भातल्या डोळ्याबद्दल मात्र त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही. बाटलीही सांगत नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्या बाटल्यांवर मद्यपान आरोग्यास घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढं छापणं सक्तीचं आहे. गरोदरपणाचा उल्लेख नाही. अमेरिकेत तो १९८९ पासून आहे, फ्रान्समध्ये २००७ पासून गरोदर बाईच्या चित्रावर काट मारलेली असते, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं २०२३ पासून तो सक्तीचा केला. लेबल बदलणं आपल्या हातात नाही, ते दिल्लीच्या अखत्यारीत येतं. आपल्या हातात आशाताईची पिशवी आहे.

त्या पिशवीत ‘निश्चय’ हे गरोदरपणाच्या चाचणीचं किट असतं. पाळी चुकली की बाई नोंदणीच्या आधी त्या किटाला हात लावते. दारूबद्दलचं वाक्य तिथे, किटाबरोबर जायला हवं : मूल हवं असेल तर पाळी चुकायची वाट न पाहता थांबा, कारण सुरक्षित असं प्रमाण माहीत नाही. फॉलिक आम्लाच्या बाबतीत हे तत्त्व आपल्या खात्यानं केव्हाच मान्य केलंय. मज्जारज्जूची नळी अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते म्हणून गोळी गर्भ राहण्याआधीपासून द्यायची, असं आपले डॉक्टर शिकवतात. डोळ्याची खाच तर बाविसाव्या दिवशीच पडते. मग इथे सवड कशासाठी?

त्याच वाक्याला दुसरं वाक्य जोडावं लागेल, नाहीतर नुकसान होईल. कळायच्या आधी एखाद्या लग्नात घोटभर घेतलेली बाई घाबरून गर्भपाताच्या गोळ्या शोधत फिरू नये. सर्वाधिक धोका एका बैठकीत भरपूर पिण्यात आणि रोजच्या पिण्यात असतो; ज्या दिवशी थांबाल त्या दिवसापासून बाळाचा फायदा होतो, कारण दृष्टिनाडी आणि मेंदू नंतरही कित्येक महिने वाढत राहतात. आरोग्यसेविकेला विचारायचं कसं, हेही शिकवावं लागेल. ‘तू पितेस का?’ या प्रश्नाला साताऱ्यात आणि सांगलीत एकच उत्तर मिळतं. आधी ‘घरात कोण कोण घेतं?’, मग ‘कधी तुलाही आग्रह होतो का?’, आणि सासू चहा टाकायला आत गेल्यावर उरलेलं. उत्तर कार्डावर लिहायचं की नाही हे बाईला विचारून ठरवावं. ते कार्ड घरातले सगळे वाचतात.

आरबीएसकेच्या पथकांना एक मोजपट्टी आणि एक सूचना द्यावी. वाढ खुंटलेली, अभ्यासात मागे, डोळ्यांच्या फटी आखूड, आणि चष्मा लावूनही न दिसणारं मूल आढळलं, तर त्याला दुसरा चष्मा देण्याऐवजी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा कराडच्या कृष्णा रुग्णालयात बाहुली मोठी करून पडदा तपासायला पाठवावं. कारण दारूच निघेल असं नाही. बारीक दृष्टिनाडीची इतरही कारणं असतात आणि आईवर आळ घेण्यासाठी ही तपासणी नाही. कारण काहीही निघालं तरी मुलाला पहिला बाक मिळेल आणि ‘मठ्ठ’ हा शिक्का पुसला जाईल.

यातल्या कशालाही नवा निधी किंवा मंत्रालयाची मंजुरी लागू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रियांची तपासणी होते आणि त्या दिवशी डॉक्टर, सेविका, आशा सगळ्या एका छताखाली असतात. येत्या ९ तारखेला त्यांना हे अर्धा तास समजावून सांगावं, आणि निश्चय किटाबरोबर द्यायची चिठ्ठी त्याच दिवशी त्यांच्या हाती द्यावी, ही विनंती.

कळावे,
दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांच्या वतीने